बर्फातले रेणू थांबलेले नसतात

शाळेच्या पुस्तकात तीन चौकोन शेजारी शेजारी काढलेले असतात. पहिल्यात ठिपके दाटीने रांगेत बसलेले, दुसऱ्यात जरा विस्कटलेले, तिसऱ्यात चार-दोन ठिपके इकडेतिकडे. खाली नावे: स्थायू, द्रव, वायू. या चित्रातून एक समजूत मनात घर करते आणि पदवी मिळाली तरी ती जात नाही. स्थायूचे कण जवळजवळ थांबलेले, द्रवाचे सावकाश फिरणारे आणि वायूचे सुसाट, अशी ती समजूत. ती चुकीची आहे, असे मला आज मांडायचे आहे. कण किती जोरात हलतो यावरून अवस्था ठरत नाही. शेजाऱ्यांच्या वेढ्यातून तो किती वेळात सुटू शकतो, यावरून ठरते. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे 2,500 अंश सेल्सिअसला पेटलेली असते. तिच्यातल्या अणूंचा क्षणाचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात जातो, आणि तरीही ती तार ठणठणीत स्थायू असते. उलट हेलियम वजा 269 अंशांच्या थंडीतही द्रव असते आणि त्याच्या अणूंचा वेग टंगस्टनच्या निम्माही नसतो. टंगस्टनच्या तारेतूनही काही अणू सुटतातच; अशा बल्बच्या काचेला आतून धरलेली काळपट झाक पाहा. वेढा तोडून निसटलेले टंगस्टनचे अणूच तिथे जमलेले असतात.

यावर कोणी म्हणेल की दोन निरनिराळ्या पदार्थांची तुलना करणे बरोबर नाही. एकच पदार्थ तापवला की तो वितळतो, मग वेगच कारण नाही का? या आक्षेपाचे उत्तर 1760 च्या दशकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांच्या प्रयोगांत सापडते. वितळत्या बर्फाला उष्णता देत राहिले, तरी शेवटचा खडा विरघळेपर्यंत तापमापीतला पारा शून्यावरून हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे 80 कॅलरी लागतात. तेवढ्यात तितकेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापले असते. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. ते वाढले नाही, याचा अर्थ वेगही वाढला नाही. शून्य अंशाचा बर्फ, शून्य अंशाचे पाणी आणि त्यावरची शून्य अंशाची वाफ, तिन्हींत रेणूंचा वेग जवळजवळ सारखाच, सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास असतो. मग ती उष्णता गेली कुठे? ती रेणूंमधली पकड सैल करण्यात खर्ची पडली, म्हणून तर तिला अप्रकट उष्मा म्हणतात. उकळताना हीच पकड पुरती तोडावी लागते, त्यामुळे खर्च ग्रॅममागे 540 कॅलरींवर जातो. तापवल्याने पदार्थ वितळतो हे खरेच आहे. वेग वाढत वाढत पकडीला पुरून उरेल इतका होतो, तेव्हा वेढा ढिला पडतो. पण प्रत्यक्ष अवस्था पालटते त्या टप्प्यावर बदलते ती पकड.

स्थायूतले कण आपापल्या जागा सोडतात, हे मात्र सहज पटत नाही. त्याचा पुरावा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. लंडनच्या शाही टांकसाळीतले रसायनतज्ज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी शिशाच्या दांड्याच्या तळाशी सोने ठेवले आणि दांडा बरेच दिवस तापवला. शिसे 327 अंशांना वितळते. दांडा त्याच्या पुष्कळ खालीच ठेवला होता. नंतर त्याच्या चकत्या कापून तपासल्या, तेव्हा वरच्या चकत्यांतही सोने निघाले. हे त्यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे साध्या तापमानाला चार वर्षे एकमेकांवर दाबून ठेवलेल्या शिशात आणि सोन्यातही तेच दिसून आले. मग दांड्याचा आकार का बिघडत नाही, असे कोणी विचारेल. अणू आपल्या जागी सेकंदाला सुमारे दहा लाख कोटी वेळा कंप पावत असतो, पण शेजारी जागा रिकामी असेल आणि त्याच क्षणी अंगात पुरेशी ऊर्जा असेल तरच तो उडी मारतो. धातू वितळण्याच्या बेतात आला तरी हजारो जागांमागे जेमतेम एखादी रिकामी असते. सभागृहात एखादी खुर्ची मोकळी झाली आणि शेजारचा तिथे सरकला, म्हणून काही रांग मोडत नाही. इथेही तसेच घडते.

वायूच्या बाबतीत आक्षेप नेमका उलट्या बाजूने आला. 1857 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात असे मांडले, तेव्हा हॉलंडच्या बाइस बॅलट यांनी विचारले, असे असेल तर खोलीच्या एका टोकाला सोडलेला वास दुसऱ्या टोकाला लगेच का पोचत नाही? शंका रास्त होती आणि तिच्यामुळेच विषय पुढे सरकला. क्लाउझियस यांनी 1858 मध्ये उत्तर दिले की रेणू फार दूर जाऊच शकत नाही, कारण वाटेत त्याची सतत टक्कर होते. आज आपल्याला ठाऊक आहे की साध्या हवेत मिलिमीटरचा चौदा-पंधरा हजारावा भाग कापला की रेणू दुसऱ्यावर आदळतो. नुसत्या विसरणावर, म्हणजे रेणूंच्या टकरा खात पसरण्यावर, सोडले तर उदबत्तीचा वास मोठ्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी पोचायला काही दिवस लागतील. तो काही मिनिटांत पोचतो, ते हवेच्या झुळकांमुळे. टकरा खात एका सेकंदात हवेचा रेणू मूळ जागेपासून साधारण एक सेंटिमीटर भरकटतो, पाण्यातला रेणू मिलिमीटरचा दहावा भाग, आणि बर्फातला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. वेग जवळपास सारखा आणि पल्ल्यात एवढी तफावत! अवस्थांमधला फरक शोधायचा तो इथे.

शेवटचा आक्षेप असा, की सगळा प्रश्न सुटायला लागणाऱ्या वेळाचाच असेल तर स्थायू आणि द्रव यांच्यातली सीमा पुसटच होणार. काही पदार्थांत ती खरोखरच पुसट असते. पाण्याचा रेणू आपला शेजार सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात बदलत राहतो. घट्ट काळ्या डांबरात तीच हालचाल अतिशय संथ असते. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 मध्ये असे डांबर नरसाळ्यात भरून ठेवले. 2014 पर्यंत त्यातून जेमतेम नऊ थेंब सुटले, आणि त्याचा दाटपणा पाण्याच्या सुमारे 23,000 कोटी पट निघाला. त्याच डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर काचेसारखे तुकडे उडतात, कारण रेणूंना वाट काढायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी हातोड्याचा आघात संपलेला असतो.