तीनच प्रश्न



मी अमेरिकेत रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गरोदरपणात आईने अफूच्या वर्गातली औषधं घेतली असतील, तर जन्मानंतर ती अचानक बंद होतात. बाळ थरथरतं, किंचाळून रडतं. पूर्वी लक्षणांच्या लांबलचक यादीवर बाळाला गुण देत. गुण वाढले की मॉर्फिन. तो तक्ता मीच संगणकावर आणला, आणि त्या आयांना मनातल्या मनात दोषही दिला.

येलच्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न ठेवले : बाळ दूध पितं का? झोपतं का? दहा मिनिटांत शांत होतं का? आधी आईची कूस आणि मंद उजेड, औषध नंतर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, २६ रुग्णालयांतल्या अभ्यासात बाळं सरासरी १५ ऐवजी ८ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली.

बाई, गुणपत्रिका हातात देण्याआधी तुम्ही विचारायचात, "डबा खाल्लास का?" त्याचा अर्थ आता कळला.