न दिसणारा थकवा आणि हातातला फोन



कामगार संघटनेच्या माणसाने आजारपणावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नाही; औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण ज्या आजाराचा संबंध पाळीशी, हजेरीशी, रजेशी आणि पगाराशी येतो, तो केवळ दवाखान्याचा प्रश्न राहत नाही. तो आपल्या सगळ्यांचा प्रश्न होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा असा आजार आहे.

नाव लांबलचक असले तरी प्रकार समजायला कठीण नाही. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवरही असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून या वेष्टनावर हल्ला करते. मग मेंदूकडून निघालेला निरोप वाटेत मंदावतो, तुटतो किंवा भलतीकडे पोहोचतो. कोणाच्या एका डोळ्याला अंधुक दिसू लागते, कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाचा तोल जातो, कोणाला लघवी आवरत नाही. पॅरिसच्या शार्को या वैद्याने 1868 साली या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. तो संसर्गाने पसरत नाही. बहुधा वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत तो डोके वर काढतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. मुळापासून बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. परंतु त्याचे हल्ले कमी करणारी औषधे 1993 पासून उपलब्ध होत गेली आहेत. म्हणून निदान लवकर होणे फार मोलाचे.

विशी ते चाळिशी! आपल्या पट्ट्याच्या दृष्टीने या वयाचा अर्थ काय, तो पाहा. मराठवाड्यातून, विदर्भातून मुलगा किंवा मुलगी चाकणला कंत्राटी कामावर येते ती याच वयात. लग्न, खोलीचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, सारे याच वयात. आणि याच वयात पाय अडखळू लागला, तर खात्यातले लोक काय म्हणतात? ‘सकाळी सकाळी घेऊन आला वाटते!’ हात मोडला तर प्लास्टर दिसते. ताप आला तर अंग तापते. हा थकवा दिसत नाही. तो रात्रभर झोपूनही जात नाही. न दिसणाऱ्या दुखण्याला आपल्याकडे पहिले नाव मिळते ते कामचुकारपणाचे.

येथे मला नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण होते. 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती त्यांच्या चळवळीमुळे. त्या सुटीमागचे तत्त्व असे की, विश्रांती ही आळशाची चैन नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे. या रुग्णाला तेच तत्त्व रोज, तासातासाला लागू आहे. त्याने थकल्यावर नव्हे, थकण्यापूर्वी बसले पाहिजे. त्याच्या शक्तीची रोजची कमाई ठरलेली आहे. ती सकाळीच उधळली तर संध्याकाळी उसनी मिळत नाही.

मग रोजचा दिवस कसा काढावा? पहिला शत्रू म्हणजे उष्णता. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी वेष्टन झिजलेल्या तंतूंतून निरोप जाणे अधिक कठीण होते आणि जुनी लक्षणे वर येतात. शरीर थंड झाले की ती ओसरतात. तेव्हा घाबरू नये, पण हट्टही करू नये. भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीजवळ, एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल हे आपणांस सांगावयास नको. बाजारहाट आणि दवाखाना सकाळीच उरकावा. कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने, स्टुलावर बसून आंघोळ करावी. ओल्या पंचाने मान पुसावी. स्वयंपाकघरात रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत, भाजी बसून चिरावी. लघवीच्या भीतीने पाणी पिणे सोडू नये. स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी पाहून ठेवावे. झेपेल तेवढा व्यायाम मात्र चालू ठेवावा. विश्रांती म्हणजे अंथरूण धरणे नव्हे.

आता फोनकडे वळतो. फोन हे फार उपयोगी हत्यार आहे, पण हत्यार हाताला बसेल असे करून घ्यावे लागते. बोटे बधिर झालेल्या माणसाला बारीक अक्षरांवर टिचक्या मारणे ही शिक्षाच आहे. 2017 पासून मराठीत बोलून मजकूर उमटवण्याची सोय फोनवर आली आहे, ती वापरावी. ज्याला तेही नको, त्याने आपल्या आवाजात निरोप पाठवावा. अक्षरे मोठी करावीत. हात कापत असेल तर फोन टेबलावर टेकवून ठेवावा. सेटिंगमध्ये स्पर्शाचा वेळ वाढवता येतो, म्हणजे चुकून लागलेले बोट तो मोजत नाही. काही रुग्णांना मान पुढे झुकवताच पाठीच्या कण्यातून विजेसारखा झटका जातो. अशांनी फोन मांडीवर ठेवून पाहू नये, डोळ्यांसमोर उंच धरील अशा घोडीवर ठेवावा.

याखेरीज फोनला आणखी कामे लावावीत. विसरभोळेपणा हाही या आजाराचा भाग असू शकतो. औषधाच्या वेळेची आणि विश्रांतीचीही घंटा लावावी. कोणते लक्षण कोणत्या दिवशी आले, किती वेळ टिकले, हे बोलून नोंदवावे. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात, तेव्हा ही नोंद कामी येते. ताप किंवा दुसरा संसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. तपासणीच्या कागदांचे फोटो काढून ठेवावेत. विजेचे बिल घरबसल्या भरले, तर रांगेत उभे राहण्याची शक्ती मुलाच्या अभ्यासासाठी उरते. तोल जात असेल त्याने फोन दोरीने गळ्यात ठेवावा. न्हाणीघरात पडल्यावर बाहेरच्या खोलीतला फोन काय कामाचा? 112 हा संकटाचा क्रमांक घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा.

पण हेच हत्यार उलटतेही. ‘एका महिन्यात हमखास बरे’ अशी जाहिरात फोनवर आली की हताश माणूस दागिने मोडतो. डॉक्टरांना विचारल्याखेरीज एक पैसाही पाठवू नये आणि चालू औषध बंद करू नये. दुसरे असे की, सुटीच्या दिवशी सुपरवायझरचे दहा फोन घ्यावे लागत असतील तर ती सुटी कसली! रुग्णाच्या विश्रांतीच्या वेळी फोन मुका असावा, हे घरच्यांनी आणि खात्यानेही मानले पाहिजे.

हे सारे रुग्णाने एकट्याने करावयाचे नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगतेचे 21 प्रकार दिले आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. सरकारी आस्थापनेतील नोकराला नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर त्याला काढून टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खाजगी मालकावर याच शब्दांत हे बंधन नाही, ही मोठी उणीव आहे. तरीही समान संधीचे धोरण जाहीर करणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. ते धोरण फलकावर आहे काय, हे विचारणे संघटनेचे काम आहे. आम्ही बोनस मागतो, पगारवाढ मागतो. त्याच मागणीपत्रकात बसून करण्याचे काम, पंख्याजवळची जागा, रात्रपाळीतून सूट आणि दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती ही कलमे का असू नयेत? यांत मालकाचा खर्च किती? एक स्टूल आणि थोडी माणुसकी! कंत्राटी कामगाराचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याने आजार सांगितला तर उद्याचे काम जाते आणि लपवला तर शरीर जाते. ही निवड त्याच्यावर लादणे हाच खरा अन्याय होय.

रुग्णांनी एकत्र येण्याची वाट आपल्याकडे आधीच घातली गेली आहे. 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. ती स्थापणारे रहमत फाजलभॉय स्वतः याच आजाराचे रुग्ण होते. तिची शाखा पुण्यातही आहे. दुखणे ज्याचे, त्यानेच संघटना उभी करावी, ही गोष्ट आम्हा कामगारांना नवी नाही.

येत्या 30 मे रोजी जगभर या आजाराचा दिवस पाळला जाईल. त्या दिवशी भाषणे होतील, दिवे लागतील. मी आपणांकडे त्याहून लहान गोष्ट मागतो. आपल्या खात्यात, आपल्या चाळीत, सोसायटीत कोणी चालताना अडखळला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या. आणि तो ‘आज जमत नाही’ म्हणाला, तर त्याचा शब्द प्रमाण माना. न दिसणाऱ्या दुखण्याला दुसरा साक्षीदार नसतो.