माजी सैनिकांची रुग्णालये आणि नेतृत्वाची निवड



एखाद्या मोठ्या रुग्णालय-व्यवस्थेच्या प्रमुखपदी नवी नेमणूक झाली की वृत्तपत्रांत त्या व्यक्तीचे छायाचित्र व अल्पपरिचय येतो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक विचारास आरंभ तेथूनच व्हावयास हवा. पदावर कोण आले, याइतकेच त्या पदाबरोबर कोणते अधिकार आले, हेही महत्त्वाचे असते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

पहिल्या महायुद्धानंतर १९२१ साली तेथे 'व्हेटरन्स ब्यूरो' स्थापन झाला. अध्यक्ष हार्डिंग यांच्या स्नेहातील चार्ल्स फोर्ब्स हे त्याचे पहिले संचालक झाले. रुग्णालयांची बांधकामे आणि साहित्याची विक्री यांतील गैरव्यवहारामुळे १९२३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले व पुढे कारावास भोगावा लागला. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँक हाइन्स यांनी काटकसरीचा कारभार केला. परंतु डॉक्टरांची भरती सर्वसाधारण सरकारी सेवानियमांनुसार होत राहिली आणि कुशल वैद्यकांना या सेवेचे आकर्षण वाटेनासे झाले.

नेमणुकीला कायद्याची जोड

दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन नागरिकांनी सैन्यात सेवा केली. ते घरी परतू लागले असताना, १५ ऑगस्ट १९४५ रोजी जनरल ओमर ब्रॅडली यांनी या खात्याची सूत्रे हाती घेतली. वैद्यकीय विभागासाठी त्यांनी डॉ. पॉल हॉली यांची निवड केली. युद्धकाळात युरोपातील अमेरिकन सैन्याची वैद्यकीय व्यवस्था हॉली यांनीच सांभाळली होती. मात्र केवळ थोर व्यक्तींवर विसंबून न राहता जानेवारी १९४६ मध्ये कायदा करण्यात आला. त्यामुळे डॉक्टर व परिचारिका यांच्या भरतीसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. त्याच महिन्यात रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण ठरले. नामवंत अध्यापक रुग्णांना तपासू लागले आणि तरुण डॉक्टरांना तेथे शिक्षण मिळू लागले. ही जोड आजही टिकून आहे.

१९९४ साली डॉ. केनेथ कायझर यांच्याकडे आरोग्यसेवेचे नेतृत्व आले. त्यांनी देशाची २२ विभागांत वाटणी केली आणि विभागप्रमुखांकडे अधिकार व उत्तरदायित्व दोन्ही सोपविले. रुग्णालयातील खाटांऐवजी बाह्यरुग्ण सेवेवर भर दिला. सेवेची गुणवत्ता आकड्यांत मोजण्याची शिस्तही लावली.

आकड्यांचा मोह

मोजमापाची दुसरी बाजू २०१४ साली उघड झाली. रुग्णास १४ दिवसांत डॉक्टरांची भेट मिळावी, असे उद्दिष्ट होते आणि त्याच्या पूर्ततेवर अधिकाऱ्यांचे मूल्यमापन अवलंबून होते. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे चौकशीसाठी निवडलेल्या २२६ रुग्णांना पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावे लागले होते. कागदोपत्री मात्र २४ दिवस दाखविले होते. सुमारे १,७०० माजी सैनिकांची नावे तर अधिकृत प्रतीक्षायादीतच नव्हती. ३० मे २०१४ रोजी खात्याचे मंत्री, निवृत्त जनरल एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. जुलैअखेर उद्योगक्षेत्रातील रॉबर्ट मॅकडोनाल्ड मंत्री झाले. ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्याने, दीर्घ प्रतीक्षा करावी लागणाऱ्या रुग्णांना खासगी डॉक्टरांकडे उपचार घेण्याची सवलत मिळाली.

शिन्सेकी हे स्वतः व्हिएतनाम युद्धात जखमी झालेले सैनिक होते. त्यांच्या आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु खालून येणारी माहितीच सदोष असेल, तर वरचे नेतृत्व आंधळे होते. म्हणूनच वरिष्ठ पदांइतकीच प्रत्येक रुग्णालयाचा संचालक, मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि परिचर्याप्रमुख यांची निवड मोलाची ठरते.

भारतातही १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे व महाराष्ट्रात तिची बहुचिकित्सालये आहेत. परदेशातील या अनुभवाचे सार कोणत्याही लोकसेवेस लागू पडेल, मग ती सेवा सैनिकांची असो वा गावच्या आरोग्यकेंद्राची. नवा अधिकारी आला म्हणजे त्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु त्याला पुरेसे अधिकार, पुरेसे सहकारी आणि खरी माहिती मिळते का, हेही पाहावे. दाराशी थांबलेल्या रुग्णाची खरी प्रतीक्षा किती, हीच नव्या नेतृत्वाची खरी कसोटी होय.