घरी गेलेला वर्ग आणि गावाची जबाबदारी



छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना अजिंठ्याचा घाट उतरला की सोयगाव तालुक्यातील फर्दापूर लागते. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे हे गाव. फर्दापूरच्या फाट्यावर पर्यटकांची वाहने थांबतात आणि तेथून बसने प्रवासी लेण्यांकडे जातात. कापूस-मक्याची शेती आणि पर्यटकांमुळे मिळणारा रोजगार, असे दोन आधार या परिसराला आहेत.

मार्च २०२० मध्ये या गावाच्या दृष्टीने दोन दारे जवळजवळ एकाच वेळी बंद झाली. करोनाच्या साथीमुळे १७ मार्चपासून लेणी बंद करण्यात आली आणि त्याच सुमारास शाळाही बंद झाल्या. लेणी १० डिसेंबर २०२० रोजी पुन्हा खुली झाली. २०२१ च्या उन्हाळ्यात ती काही काळ बंद ठेवावी लागली, तरी प्रवाशांची ये-जा सुरू झाली होती. पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास मात्र ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. म्हणजे कमाईचे दार नऊ महिन्यांनी उघडले आणि सर्वांत लहान मुलांच्या वर्गाचे दार उघडण्यास वीस महिन्यांहून अधिक काळ लागला. या वीस महिन्यांत शिक्षणाचे काय झाले, याचा विचार आजही संपलेला नाही.

शासनाची व्यवस्था

शिक्षण थांबू नये म्हणून शासनाने अनेक मार्ग अवलंबिले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली आणि तिचे पाठ शिक्षकांमार्फत पालकांच्या फोनवर पोहोचू लागले. ‘दीक्षा’ या उपयोजनावर पाठ्यसामग्री उपलब्ध होती. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. त्याच महिन्यात ऑनलाइन अध्यापनाची वेळही ठरवून देण्यात आली. पहिली व दुसरीसाठी दिवसाला अर्ध्या तासाची दोन सत्रे आणि तिसरी ते आठवीसाठी पाऊण तासाची दोन सत्रे, अशी ती मर्यादा होती. लहान मुलांच्या डोळ्यांचा आणि मनाचा विचार त्यामागे होता.

योजना होत्या, पाठ होते, वेळापत्रकही होते. तथापि हे सारे ज्या ठिकाणी उतरावयाचे होते, ती जागा शाळा नव्हती. ती जागा घर होती.

घराच्या मापाचा वर्ग

वर्गात बसलेली चाळीस मुले एकाच फळ्याकडे पाहतात. श्रीमंताच्या मुलास मोठा फळा आणि मजुराच्या मुलास लहान फळा, असे तेथे नसते. दूरशिक्षणाने ही समानता काढून घेतली. घरात एकच फोन असेल आणि तो घेऊन वडील शेतावर किंवा कामावर गेले असतील, तर सकाळचा पाठ मुलास दिवेलागणीला मिळे. दोन-तीन भावंडे असतील, तर दहावीतल्या मुलाची पाळी आधी येई आणि पहिलीतल्या धाकट्या बहिणीची पाळी अनेकदा येतच नसे. रोजगार बुडालेल्या घरात आधी किराणा भरावा की फोनचे रिचार्ज करावे, हा प्रश्न महिन्याच्या महिन्याला उभा राही.

शिक्षकाचे कामही बदलले. परिपाठ, हजेरी आणि घंटा यांनी बांधलेला त्याचा दिवस विस्कटला. वर्गात एखाद्या मुलाची पेन्सिल थांबली की त्याला समजले नाही हे शिक्षकाच्या ध्यानी येते. फोनवर ती थांबलेली पेन्सिल दिसत नाही. उत्तराचे छायाचित्र येई, परंतु ते अक्षर मुलाचे की मोठ्या ताईचे, हे कळण्यास मार्ग नसे. त्यातच शिक्षकांवर साथीच्या सर्वेक्षणासारखी कामेही सोपविण्यात आली. दिवसा सर्वेक्षण आणि रात्री फोनवर आलेल्या वह्या तपासणे, असा अनेकांचा दिनक्रम झाला.

या काळाने काही दिलेही. शिक्षकाला मुलाचे घर दिसले आणि आईला मुलाचा पाठ दिसला. एरवी शाळेच्या फाटकाशी थांबणारी आई पाठ्यपुस्तक उघडून मुलाशेजारी बसली. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हाती देण्यात येई, तेव्हा मुलाच्या अभ्यासाविषयी दोन शब्द बोलण्याची संधीही मिळे. शाळा आणि घर यांच्यातील ही ओळख टिकविण्याजोगी आहे.

सामायिक साधनाचा धडा

दूरचे शिक्षण भारतीय खेड्यास अगदी नवे नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु त्या प्रयोगातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील दूरदर्शन संच कोणा एकाच्या घरचा नसून साऱ्या गावाचा होता. तो सार्वजनिक जागी असे आणि मुले एकत्र बसून कार्यक्रम पाहत. २०२० मध्ये तंत्र कितीतरी पुढे गेलेले होते, पण साधन मात्र घराघरांत विभागले गेले होते.

ज्यांनी हे ओळखले, त्यांनी साधन पुन्हा सर्वांचे केले. पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे स्वयंसेवकांनी ध्वनिक्षेपकावरून मुलांना अंतराने बसवून पाठ ऐकविले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. भिंतीला रिचार्ज लागत नाही आणि ती कोणाच्या खिशात घालून शेतावर नेता येत नाही. या प्रयोगांचे मोल तंत्रापेक्षा या साध्या विचारात आहे.

राहिलेली उणीव

‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. पाचवीच्या मुलांत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ टक्के झाले. याच काळात स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण मात्र वेगाने वाढले होते. २०१८ मध्ये ते ३६.५ टक्के होते आणि २०२० मध्येच ६१.८ टक्क्यांवर गेले. फोन घरात आला म्हणजे वाचन आले, असे नव्हे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल अक्षरओळखीच्या वयात जवळजवळ दीड वर्ष वर्गाबाहेर राहिले. तेच मूल जून २०२५ मध्ये सहावीत गेले. ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट तिसरीअखेर मुलास वाचन व अंकज्ञान यावे, हे आहे. २०२० ची मुले ती पायरी केव्हाच ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी जे अडखळत वाचते, ते सहावीच्या इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकापुढे गप्प बसते. त्या गप्प बसण्यास आळस समजण्याची चूक होता कामा नये.

गावाने करावयाचे काम

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. या समितीने शिक्षकांच्या साह्याने पाचवीच्या पुढील प्रत्येक मुलाचे वाचन एकदा समोर बसवून ऐकावे. अडखळणाऱ्या मुलांची यादी करावी, परंतु तिचा गाजावाजा करू नये. ग्रामपंचायतीने संध्याकाळी तासभर दिवा, सतरंजी आणि एक जागा द्यावी. गावातील शिकलेल्या तरुणांनी आळीपाळीने तेथे बसावे. शाळेतील दूरदर्शन संच किंवा संगणक चालू स्थितीत आहे की कपाटात आहे, याची विचारणा मासिक सभेत व्हावी. पुन्हा कधी साथ, पूर वा अन्य कारणाने शाळा बंद पडली, तर मुले कोठे जमतील आणि त्यांना कोण शिकवील, हे आजच ठरवून ठेवावे.

फर्दापूरच्या डोंगरात शतकानुशतके झाडीत दडून राहिलेली लेणी १८१९ मध्ये पुन्हा जगापुढे आली. मुलाच्या शिकण्याच्या वयाला मात्र इतका धीर नसतो. जे वीस महिने गेले ते परत येणार नाहीत, पण त्या महिन्यांत जे शिकावयाचे राहिले, ते अजून शिकविता येईल. हे काम एकट्या शिक्षकाचे नाही आणि एकट्या घराचेही नाही. ते साऱ्या गावाचे आहे.