किल्ली असलेली खोली



आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत झाले. विद्वत्तेची अपेक्षा धरू नये. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सभासदांना फोन करून धान्य आहे का विचारत होतो. एकट्याने राहणारा एक जण म्हणाला, “धान्य आहे भाऊ, पण फोन ठेवू नका.” तेव्हापासून एकट्या खोलीचा विचार डोक्यात घोळतो आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात टेंडरलॉइन नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या हॉटेलांच्या इमारतींत, वर्षानुवर्षे फुटपाथवर काढलेल्या माणसांना एकेक खोली देतात. संडास-मोरी पुष्कळ ठिकाणी सामाईक. गिरणगावच्या चाळी पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. आपल्याकडे मात्र त्याच खोलीत दहा जण असत. विचारपूस करायला इमारतीत सेवक असतो. शेजारच्या ओकलंडमधील संशोधकांना दिसले की, पन्नाशीतल्या बेघरांना सत्तरीची दुखणी जडलेली असतात. (आम्हीही पन्नाशीतलेच, म्हणून हे दोनदा वाचले!)

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे घरात राहण्याचा हुकूम निघाला. कित्येक इमारतींत पाहुण्यांना बंदी झाली, सेवकाची विचारपूस फोनवर गेली. आता, ज्याला घरच नव्हते त्याला दार लावून बसता आले, ही लहान गोष्ट नव्हे. रस्त्यावर राहिलेला माणूस थोडक्यात भागवायलाही शिकलेला असतो. पण रस्त्यावर पडलेला माणूस कोणाच्या तरी नजरेस पडतो. बंद दाराआड कोण पाहणार? त्या वर्षी त्या शहरात कोरोनापेक्षा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने अधिक माणसे दगावली, आणि त्यांतली बरीच अशाच खोल्यांत. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर नाकात फवारले तर थांबलेला श्वास परत येऊ शकतो. पण बेशुद्ध माणूस ते स्वतः कसे फवारणार? काही इमारतींत भाडेकरूच ते वापरायला शिकले आहेत आणि शेजाऱ्याचे दार ठोठावतात.

दुसरी गोष्ट भाड्याची. काहींची निम्मी मिळकत भाड्यात जात असे. भाडे मिळकतीच्या ३० टक्क्यांवर जाऊ नये, अशी मागणी घेऊन भाडेकरू एकत्र आले. साथीमुळे सभागृहाचे दार बंद, म्हणून फोनवरून बोलले. २०२०-२१ साली शहराने ती मान्य केली. ज्यांना विचारपुशीसाठी फोन येत, तेच आता फोन करून आपले गाऱ्हाणे मांडत होते.