मालवणचीं पोवळीं

पोवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अंगठींतील तांबडा खडा येतो, नाहींतर वैद्यबुवांची प्रवाळभस्माची पुडी. तें तांबडें पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतलें. आज मी ज्याविषयीं बोलणार आहें तें प्रवाळ निराळें. तें समुद्रतळाशीं दगडी वसाहती बांधतें, आणि आपल्या कोंकणच्या किनाऱ्यालाही त्याची वस्ती आहे.

प्रवाळांचीं क्षेत्रें म्हणून लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचें व कच्छचें आखात यांचीं नांवें सांगण्याची रीत आहे. कोंकणांत पावसाळ्यांत नद्या इतका गाळ आणतात कीं, तेथें प्रवाळ टिकेल असें कोणास वाटूं नये. तथापि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील कासिम व वाफर या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली. तींत रत्नागिरी व मालवण हीं नांवें होतीं. पुढें १९८७ सालीं मालवणचें सागरी अभयारण्य जाहीर झालें. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटर पश्चिमेस कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखलें जाणारें अंग्रिया बँक हें बुडालेलें पठार आहे. किनाऱ्याचा गाळ तेथवर पोहोंचत नाहीं; म्हणून तेथील प्रवाळ अधिक समृद्ध आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल भाडेकरूप्रमाणें राहतें, सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें आणि त्याचा मोठा वांटा यजमानास भाड्यादाखल देतें. प्रवाळाचा रंगही बव्हंशीं त्याचाच. परंतु नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षां पाणी एखाद्या अंशानें अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतें आणि प्रवाळ पांढरें होतें. यासच विरंजन म्हणतात. पांढरें झालेलें प्रवाळ लगेच मेलेलें नसतें. तें उपाशी असतें. पाणी वेळेवर निवलें तर तें सांवरतें. १९९८, २०१० व २०१४ ते २०१७ या काळांत जगभर अशीं विरंजनें झालीं. २०२३ पासून पुन्हां एक आलें. मालवणासही तें नोंदलें गेलें आहे.

हें आरोग्य तपासतात कसें? संशोधक बुडी मारून तळावर फीत ताणतो. तिच्याखालीं जिवंत प्रवाळ किती, मेलेलें किती, वाळू किती, हें मोजतो. आणि पुढील वर्षीं त्याच जागीं पुन्हां जातो. एकदांच ताप पाहून वैद्यास निदान करतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

कोणी विचारील, याची एवढी काळजी कशाला? प्रवाळक्षेत्रांनीं समुद्रतळाचा शेंकडा एकाहूनही कमी भाग व्यापला आहे. पण सागरी जीवजातींपैकीं सुमारें चतुर्थांश जातींचा आसरा तेथें आहे. कोळ्याच्या जाळ्यांत येणारी कित्येक मासळी लहानपणीं तेथेंच वाढते. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत वाघाबरोबर दगडी प्रवाळासही स्थान आहे.

मुंबईंत सागरी किनारा मार्गासाठीं २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ लहान वसाहती काढून दुसरीकडे बसविण्यांत आल्या. हें काम कौशल्याचें खरें. परंतु वसाहतीची जागा बदलतां येते, समुद्राचें पाणी बदलतां येत नाहीं. दिंडोशीसारख्या उपनगरांत राहणाऱ्यांस समुद्र दूरचा वाटतो. पण तेथील टेकड्यांवर पडलेला पाऊस नाल्यांतून मालाडच्या खाडीस मिळतो, आणि तेथून अरबी समुद्रास. त्याच्यासवें माती, सांडपाणी व प्लॅस्टिकही जातें. गढूळ पाण्यांत ऊन पोहोंचत नाहीं, आणि उन्हावांचून त्या भाडेकरूचें कांहीं चालत नाहीं.

समुद्राचें उष्णमान उतरविणें एका गांवाच्या हातीं नाहीं. गाळ, सांडपाणी, होडीचा नांगर आणि प्रवाळावर पडणारा पर्यटकाचा पाय, एवढें मात्र आपल्या हातीं आहे. तापांतून उठणाऱ्या रोग्यास निदान स्वच्छ हवा तरी मिळावी, तितकेंच हें मागणें आहे.