डॅन्यूबकाठचं रेगेन्सबुर्ग

म्युनिकहून रेल्वेनं साधारण दीड तासात पोहोचता येईल असं एक टुमदार शहर आहे, डॅन्यूब नदीकाठचं रेगेन्सबुर्ग. पाहायला एक दिवस पुरतो; मात्र पायांत चांगले बूट हवेत, कारण जुन्या भागातले रस्ते दगडी आहेत.

सुरुवात करावी ती दगडी पुलापासून. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला, सुमारे तीनशे मीटर लांबीचा हा कमानींचा पूल आजही वापरात आहे. मोटारींना मज्जाव असल्यानं मध्यावर निवांत उभं राहून नदी आणि शहर न्याहाळता येतं. पुलाच्या तोंडाशीच मिठाची जुनी वखार आहे. मध्ययुगात नदीमार्गे चालणाऱ्या व्यापारानंच हे शहर श्रीमंत झालं.

तिथून काही पावलांवर सेंट पीटर कॅथेड्रल. त्याचे दोन मनोरे १०५ मीटर उंच आहेत. जवळच इ.स. १७९मधल्या रोमन छावणीच्या वेशीचे अवशेष नंतरच्या इमारतीच्या भिंतीत दिसतात. जुन्या नगरभवनात १६६३ ते १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची संसद भरत असे. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या योहानेस केप्लरचं निधन १६३० साली याच शहरात झालं.

दुसऱ्या महायुद्धात जुनं शहर बऱ्याच अंशी वाचलं आणि २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा जाहीर केलं. जर्मनीला जाणार असाल, तर एक दिवस रेगेन्सबुर्गसाठी जरूर राखून ठेवा.